उंदराचे जिगर आणि आपले जिगर

बकरी ईदच्या सकाळी आपल्या घरांत तव्यावर सगळ्यात आधी काय पडते, हे सांगायला नको. बिर्याणी दुपारची, कबाब संध्याकाळचे. पण कुर्बानी झाली की तासाभरात आले-लसूण आणि काळी मिरी लावलेल्या कलेजीचा वास गल्लीभर सुटतो. आमच्या मोहल्ल्यातले मटणवाले चाचा कलेजी हातात आली की आधी ती उजेडाकडे धरतात. गडद तांबूस-तपकिरी, कडा धारदार, बोटाने दाबली तर परत वर येणारी असली की मान डोलावतात. कधी एखादी पिवळट, फुगीर, बोटाला तुपकट लागणारी निघते. ती ते बाजूला ठेवतात. कधी आत पानासारखे चपटे जंत सापडतात, तो वेगळा प्रकार. पण पिवळ्या कलेजीबद्दल त्यांचे एकच वाक्य असते, "इसमे चर्बी बैठ गई."

गेल्या हिवाळ्यात आमच्या फुफींच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर हेच वाक्य इंग्रजीत लिहून आले. फॅटी लिवर, ग्रेड दोन. फुफींचे वय ५८, वजन ७४ किलो, शुगर काठावर. पोटात दुखते म्हणून तपासणीला गेल्या होत्या. दुखणे पित्ताचे निघाले आणि लिवरची चरबी त्यासोबत सापडली. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले, गोळी दिली नाही. गोळी नाही म्हणजे इलाज नाही, असे फुफींना वाटले. आठवडाभरात कुणीतरी एक बाटली आणून दिली. लेबलवर कासनी, मकोय, रेवंदचिनी, गुळवेल अशी ओळखीची नावे आणि सोबत एक घडी घातलेला कागद. त्यावर लिहिले होते की हे औषध उंदरांवरील प्रयोगांत यकृताचे रक्षण करते असे सिद्ध झाले आहे.

"चूहे को फायदा हुआ तो हमकोबी होइंगा ना, बेटा?" फुफींनी विचारले.

प्रश्न साधा होता, उत्तर आम्हाला देता आले नाही. शोधत गेलो तेव्हा कळले की मोठमोठ्या प्रयोगशाळा याच एका प्रश्नाशी झगडत आहेत.

सुरुवात परभणीपासूनच करू. आपल्या शहरात १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी ते कृषी विद्यापीठाचा भाग होते, आता नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. गाय आजारी पडली की जिल्ह्यातला शेतकरी ज्या विद्येकडे जातो तिच्या पुस्तकांत फॅटी लिवर हा जुना आजार आहे, आणि प्रयोगासाठी मुद्दाम केलेला नव्हे, आपोआप होणारा. जास्त दूध देणारी संकरित गाय व्यायली की दुधासाठी तिला जेवढी ताकद लागते तेवढा चारा तिच्या पोटात जात नाही. मग शरीर स्वतःची चरबी वितळवते. ती रक्तातून यकृताकडे धावते आणि यकृताला ती सगळी जाळता येत नाही. ती तिथेच साचते. गाय खाणे सोडते, दूध घटते, श्वासाला गोडसर वास येतो. गोठ्यातले लोक याला किटोसिस म्हणून ओळखतात. दोन-तीन करडे पोटात असलेल्या शेळीलाही शेवटच्या दिवसांत असेच होते.

म्हणजे गायीच्या यकृतात चरबी बसते ती उपासमारीने, आणि फुफींच्या यकृतात बसली ती सुबत्तेने. दोघींची कलेजी चाचांच्या हातात दिली तर ते एकच वाक्य बोलतील. पण गायीला ग्लुकोजची बाटली चढवतात, आणि फुफींनी साखर कमी करायची आहे.

कोंबडीची गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. अंड्यांसाठी पिंजऱ्यात ठेवलेली लेअर कोंबडी दिवसभर मका खाते आणि हलत नाही. तिच्या शरीरातली चरबी बहुतांश यकृतातच तयार होते. ते पिवळे, ठिसूळ होते आणि एखाद्या दिवशी आतल्या आत रक्तस्राव होऊन ती मरते. एका जागी बसून गल्ला सांभाळणाऱ्या आमच्या व्यापारी मित्रांना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांना ते फारसे आवडले नाही.

प्रयोगशाळेत मात्र गाय किंवा कोंबडी सहसा येत नाही, उंदीर येतो. तो लहान आहे, स्वस्त आहे, लवकर वाढतो. इंग्रजीत माउस वेगळा आणि रॅट वेगळा. मराठीत दोघेही उंदीरच. पण फरक आहे. माउसला पित्ताशय असते, रॅटला नसतेच. आपल्या युनानी हकिमांच्या विचारात जिगर आणि सफरा, म्हणजे यकृत आणि पित्त, ही जोडी किती पक्की आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही गोष्ट खटकेल.

रॅट किंवा माउस आपणहून असा आजारी पडत नाही. त्याला आजारी करावे लागते. कागदावरच्या 'सिद्ध झाले' या दोन शब्दांचा अर्थ त्याला कसे आजारी केले यावर ठरतो.

भारतात यकृतरक्षक वनस्पतींवर झालेल्या अभ्यासांत सगळ्यात जास्त वापरलेली रीत विषाची आहे. कार्बन टेट्राक्लोराइड नावाचा द्रव एकेकाळी कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला वापरत, १९२० च्या दशकात तर पोटातल्या जंतांवर माणसांनाही देत. तो उंदराला टोचला की एक-दोन दिवसांत यकृताच्या पेशी मरू लागतात, चरबी साचते, रक्तातली एन्झाइम्स चढतात. ज्या उंदरांना आधी काही दिवस वनस्पतीचा अर्क पाजला त्यांच्यात हे नुकसान कमी दिसले, तर लिहितात की अर्काने यकृत वाचवले. आता इथे दोन गाठी आहेत. एक म्हणजे औषध आधी दिले, विष नंतर. आपण मात्र चरबी साचून दहा वर्षे झाल्यावर बाटली उघडतो. दुसरी गाठ जास्त बारीक आहे. हा द्रव मूळ रूपात तितका मारक नाही. यकृतातलेच एक एन्झाइम त्याला मोडते आणि त्या मोडण्यातून खरे विष निघते. एखाद्या वनस्पतीने त्या एन्झाइमला फक्त मंद केले तरी विष कमी बनते आणि यकृत शाबूत दिसते. ही विषावरची मात झाली. भात, साखर, तळण आणि बैठे काम यांतून हळूहळू साचलेल्या चरबीशी तिचा संबंध असेलच असे नाही. पॅरासिटामॉलचा मोठा डोस देऊन केलेले प्रयोगही याच जातीचे.

दुसरी रीत खाण्याची. उंदराच्या खाण्यातून मेथिओनिन आणि कोलिन ही दोन द्रव्ये काढून टाकली की यकृताला चरबी बाहेर पाठवता येत नाही. काही आठवड्यांतच चरबी, सूज आणि पुढे व्रणाचे तंतू सगळे दिसते. कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर हुबेहूब माणसाचा आजार. पण हा उंदीर वाळत जातो. त्याचे वजन घटते, शुगर बिघडत नाही. आपल्याकडे फॅटी लिवर बहुधा पोट सुटलेल्या, शुगरकडे झुकलेल्या माणसाला होतो. काचपट्टी जुळली, माणूस जुळला नाही.

मग भरपूर चरबी आणि साखर चारण्याची रीत आली. महिनोन्‌महिने तेच खाऊन उंदीर जाड होतो, इन्सुलिनला दाद देईनासा होतो, यकृतात चरबी साचते. हा आपल्याशी जास्त जुळतो. पण तो फार पुढे जात नाही, व्रण क्वचितच पडतात, आणि माणसाच्या जिवाला खरा धोका तर व्रणांचा. (या खाद्यातली चरबी बहुधा डुकराची असते. कुणी विचारण्याआधीच सांगतो, ती उंदराच्या ताटात असते, औषधात नाही.) आणखी एक प्रसिद्ध उंदीर आहे. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत एक जन्मजात लठ्ठ माउस सापडला. त्याच्या शरीरात भूक आवरणारे लेप्टिन हे संप्रेरक बनतच नाही, हे कोडे १९९४ मध्ये सुटले. त्याचे यकृत चरबीने भरलेले असते. पण लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन सहसा कमी नसते, उलट जास्त असते.

इथवर आधुनिक औषधांची गोष्ट झाली. पारंपरिक वैद्यकाची अडचण आणखी एक पायरी खोल आहे, आणि ती चीनमध्ये फार स्पष्ट दिसते.

जुन्या चिनी वैद्यकात फॅटी लिवर नावाचा आजार नव्हता. कसा असेल? सोनोग्राफी नव्हती. त्यांचे वैद्य जीभ पाहून, नाडी धरून सांगत की याच्या यकृतातला प्रवाह तुंबला आहे, याची प्लीहा दुबळी झाली आहे, याच्या अंगात ओल आणि कफ साचला आहे. औषध त्या प्रकृतीला द्यायचे. एकाच सोनोग्राफीच्या दोन माणसांना दोन वेगळी औषधे. आता हे उंदरावर तपासायचे तर उंदराची प्रकृतीही बिघडवावी लागते. म्हणून तिथले संशोधक चरबीयुक्त खाद्यासोबत आणखी काही करतात. उंदराला अरुंद नळीत कोंडतात किंवा शेपटीला चिमटा लावून चिडवतात आणि म्हणतात, आता याचा यकृताचा प्रवाह तुंबला. रेवंदचिनी पाजून जुलाब लावतात आणि म्हणतात, आता याची प्लीहा दुबळी झाली. ही तीच रेवंदचिनी जी आपल्या शरबत दिनारमध्ये असते. नावातच तिचा मुलूख लिहिलेला आहे. चिडलेला उंदीर म्हणजे खरेच 'तुंबलेला प्रवाह' का, हे ठरवायची कसोटी काय, यावर तिथे आजही वाद आहेत.

युनानीचीही हीच गत आहे. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती आणि त्या राज्यात युनानीला राजाश्रय होता. आपल्या आजोबांच्या पिढीला हकिमाचा नुस्खा परका नव्हता. हकीम मिजाज पाहून औषध देत. गरम मिजाजाच्या जिगरला कासनी, सूज असेल तर मकोय, म्हणजे आपल्या बांधावरची कामोणी. उंदराची नब्ज कोण पाहणार? त्याचा मिजाज बलगमी की सफरावी हे कोण ठरवणार? प्रयोगशाळेत सगळे उंदीर एका वाणाचे, एका वयाचे, बहुधा नर. मिजाज नावाची गोष्ट तिथे आधीच पुसून टाकलेली असते. तेव्हा ज्या बाटलीवर युनानीचे नाव आणि उंदराचा पुरावा दोन्ही छापले आहेत, तिथे युनानीचे मूळ तत्त्व तपासले गेलेच नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

गंमत अशी की हा इशारा युनानीच्याच घरातून आलेला आहे, आणि हजार वर्षांपूर्वी. प्राण्यावर पाहायची रीत आपल्या हकिमांना माहीत होती. अल-राझींनी पारा माकडाला पाजून परिणाम पाहिल्याचे नोंदवले आहे. बाराव्या शतकात सेव्हिलचे इब्न जुहर यांनी श्वासनलिकेवरची शस्त्रक्रिया आधी बकरीवर करून पाहिली. आणि इब्न सिना (९८०–१०३७) यांनी 'अल-कानून फित-तिब'च्या दुसऱ्या ग्रंथात औषध पारखण्याचे नियम घालून दिले. औषध शुद्ध असावे, आजार एकेरी असावा, गुंतागुंतीचा नसावा, परिणाम पुन्हा पुन्हा दिसावा, एकदाच दिसला तर तो योगायोग समजावा. शेवटचा नियम असा की पारख माणसाच्या शरीरावरच झाली पाहिजे, कारण सिंहावर किंवा घोड्यावर दिसलेल्या गुणावरून माणसाबद्दल काही सिद्ध होत नाही. त्यांनी उंदराचे नाव घेतले नाही एवढेच.

हा नियम पाळला तर काय मिळते त्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. दिल्लीचे हकीम अजमल खान यांनी तरुण रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकी यांना सर्पगंधेच्या मुळीवर कामाला लावले. १९३१ मध्ये सिद्दीकींनी त्या मुळीतली द्रव्ये वेगळी काढली आणि एकाला अजमलीन असे नाव दिले. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधा वापरली, मोजमापे ठेवली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापली. जगाने ती मुळी त्यानंतर मानली. हकिमाच्या पोतडीतली वस्तू माणसावर मोजली गेली तेव्हा तिचे औषध झाले.

उलट उदाहरणही मुंबईचेच आहे, आणि आमच्या फुफींच्या बाटलीशी त्याचा थेट संबंध आहे. गुळवेल. युनानीत गिलो. विष दिलेल्या उंदरांत तिने यकृत वाचवल्याचे निबंध आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी तर आधी प्राण्यांवर, मग पित्तमार्ग तुंबून कावीळ झालेल्या रुग्णांवर तिचा नेटका अभ्यास केला होता. मराठी वाचकांना शरदिनीताई लेखिका म्हणून जास्त माहीत आहेत. ते काम रुग्णालयाच्या देखरेखीत झालेले, ठराविक रुग्णांपुरते होते. मग २०२० साल आले. कोरोनाच्या भीतीने घराघरांत गुळवेलीचा काढा, गोळ्या, रस सुरू झाले, आठवडेच्या आठवडे, कुणालाही न विचारता. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईच्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले ६ रुग्ण आले. सहाही जण गुळवेल घेत होते. त्यांनी ते २०२१ मध्ये छापले. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून असे ४३ रुग्ण नोंदले गेले. आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे त्यांचे म्हणणे. डॉक्टरांचे म्हणणे असे की अनेक रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली होती आणि काहींना आधीपासून थायरॉइड किंवा मधुमेह होता. वाद कुठलाही बरोबर धरा. थायरॉइड, शुगर आणि बीपीची गोळी घेणारा उंदीर त्या जुन्या प्रयोगांत नव्हता.

नव्या औषधांचीही हीच परीक्षा होते. उंदरांत यकृत साफ करणारी कितीतरी रसायने माणसांच्या चाचणीत गळाली. व्रण पडलेल्या फॅटी लिवरसाठी अमेरिकेत पहिले औषध मंजूर झाले ते मार्च २०२४ मध्ये. तोवर तिथल्या डॉक्टरांकडे या आजारासाठी मंजूर झालेली खास गोळी नव्हती. फुफींच्या डॉक्टरांनी काही लिहून दिले नाही, ती हयगय नव्हे.

मग उंदरांचे प्रयोग फुकट का? आम्हाला तसे वाटत नाही. लेप्टिन उंदरामुळे सापडले. चरबी यकृतात कुठल्या वाटेने येते, कुठे अडते, हे उंदरांनी दाखवले. विषारी काय आहे तेही बहुतेक वेळा तेच आधी सांगतात. पण ज्या जिवाला बोलता येत नाही त्याला कोंडायचे, चिडवायचे, विष टोचायचे, तर प्रश्न तरी नेमका असावा. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची आणि मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची गोष्ट आपल्या मुलांना लहानपणीच सांगितली जाते. कायद्यानेही इथे बंधने आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे आणि प्रत्येक संस्थेला नैतिक समितीची परवानगी घ्यावी लागते. २०२३ पासून नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांऐवजी पेशी आणि संगणकावरच्या चाचण्यांनाही जागा मिळाली आहे. तीच ती कार्बन टेट्राक्लोराइडची परीक्षा शंभराव्या वनस्पतीवर पुन्हा करून एक शोधनिबंध वाढवायचा, यात आम्हाला ना औषधाचा फायदा दिसतो ना उंदराचा.

आता घरातल्या कागदाकडे परत. बाटलीवर प्रयोगाचा दाखला असेल तर विचारा, उंदीर की माणूस? उंदीर असेल तर त्याला विषाने आजारी केले की खाण्याने? औषध आधी दिले की नंतर? डोसचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. रॅटला किलोमागे २०० मिलिग्रॅम दिले म्हणजे माणसालाही तितकेच असे नसते. नेहमीच्या हिशेबाने तो आकडा साधारण सहाने भागतात. ६० किलोच्या माणसाला दिवसाला २ ग्रॅमच्या आसपास, तेही अर्काचे. चमचाभर भुकटी आणि अर्क एक नव्हेत. शिवाय जुन्या ग्रंथातल्या नुस्ख्याप्रमाणे बनवलेल्या औषधाला परवाना घेताना नवी चाचणी दाखवावी लागत नाही, ग्रंथाचा आधार पुरतो. म्हणून परवाना क्रमांक म्हणजे तपासल्याचा दाखला असे समजू नका. शिकलेला, नोंदणीकृत हकीम जवळ असेल तर त्याला रिपोर्ट दाखवूनच औषध घ्या आणि ते डॉक्टरांपासून लपवू नका.

माणसांवर मोजलेले जे आहे ते साधे आहे, म्हणूनच पटत नाही. वजनाचे ५ टक्के घटले तर चरबी उतरू लागते, ७ ते १० टक्के घटले तर सूज आणि व्रणांतही सुधारणा दिसते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये हा आजार मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. त्या वेळी भारतातले प्रमाण ९ ते ३२ टक्क्यांच्या दरम्यान सांगितले गेले. यकृतात व्रण पडलेत का याचा अंदाज वय, दोन यकृत-एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स या चार आकड्यांवरून काढता येतो. सोनोग्राफीतल्या ग्रेडपेक्षा हा अंदाज जास्त कामाचा. डॉक्टरांना तो विचारा.

फुफींनी बाटली आणि कागद पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी घटक वाचले, रक्त तपासले, चार आकड्यांचा हिशेब केला. व्रणाची भीती कमी निघाली. गुळवेल असलेली बाटली मात्र थायरॉइडच्या गोळीसोबत नको म्हणाले. ७४ किलोचे ७ टक्के म्हणजे साधारण ५ किलो, एवढे त्यांनी कागदावर लिहून दिले. आता फज्रनंतर फुफी शेजारणीला घेऊन कृषी विद्यापीठाच्या रस्त्याला जातात. चहात साखर बंद झाली, पण संध्याकाळचे भजे अजून सुटलेले नाही. रमजानमध्ये दीड किलो उतरले होते, त्यातले अर्धे ईदच्या शीरखुर्म्याने परत आणले. परवा काटा ७० वर होता. दुसरी सोनोग्राफी बकरी ईदनंतर करायची ठरली आहे. "कलेजी तो खाने देंगे ना?" असे त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतले आहे. दोन तुकडे, असे उत्तर मिळाले.